साठ हिरव्या वाट्या

"पप्पा, हे काय झालंय?"

साक्षीनं भट्टीचं दार ओढलं आणि तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. विलास ओव्हाळ तिच्या मागे हातमोजे घालून उभा होता. सकाळचे सात वाजले होते. ताथवड्यातल्या एका बंगल्यामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये छातीइतक्या उंचीची विजेची भट्टी. ती आदल्या दुपारपासून निवत निवत आता हात लावण्याजोगी कोमट झाली होती. आत तीन फळ्या, प्रत्येक फळीवर वीस, अशा साठ वाट्या. सगळ्या साक्षीनं चाकावर स्वतःच्या हातानं काढलेल्या. केळीच्या कोवळ्या पानासारख्या हिरव्या हव्यात, असं स्वरूपा मॅडमनी तीन वेळा बजावलं होतं. रावेतला त्यांचं थाळीचं हॉटेल पंधरा दिवसांत उघडणार होतं. भिंती, पडदे, मेन्यूकार्ड, सगळं त्या हिरव्याशी जुळवलेलं.

आत लाल होतं.

तेही एकसारखं लाल असतं तर एक वेळ ठीक. कुठे डाळिंब फोडल्यासारखं, कुठे कलेजीसारखं, कुठे राखाडी डाग उठलेले. मागच्या कोपऱ्यात पाच-सहा वाट्या तेवढ्या हिरव्या होत्या. भलत्याच लग्नाला आल्यासारख्या अंग चोरून बसल्या होत्या.

"तापमान कितीवर नेलंत?"

"बाराशे वीस. वहीत लिहिलंय, दर अर्ध्या तासाचं."

"आणि तिथं धरलंत किती वेळ?"

"वीस मिनिटं सोकिंग. एक वाजून दहाला बंद."

"मग हे लाल आलं कुठून?"

विलासला कळलं होतं. साक्षीनं फळीवरची पहिली वाटी उचलायच्या आत कळलं होतं. दारात बोटभर रुंदीचं भोक होतं, आतला जाळ बघायचं. त्या भोकासमोरच्या वाट्या सगळ्यांत लाल होत्या. जसजसं मागे जावं तसतसा लाल फिका. आणि भोकाच्या बरोबर खाली, भट्टीच्या तळाला, चिमूटभर पांढरी राख.

कोळशाची राख.

त्याचा हात आपोआप खिशात गेला. कालचा रुमाल तसाच होता. त्यानं तो बाहेर न काढता नुसता चाचपला, मग हळूच डोकावून बघितलं. एका कोपऱ्याला तीन बोटं पुसल्याचे काळे पट्टे होते.

आता हे समजायला विलास ओव्हाळ कोण, ते सांगायला हवं. सत्तावीस वर्षं तो महाळुंग्याच्या एका कंपनीत हीट ट्रीटमेंटला होता. म्हणजे लोखंडाचे पार्ट लालबुंद तापवायचे, ठरल्या वेळी काढायचे, तेलात बुडवायचे. पार्टला तिथं पार्ट म्हणत नाहीत, जॉब म्हणतात. तापलेल्या लोखंडाला हवा लागली की वर काळी खपली धरते आणि जॉब वाया जातो. म्हणून जुन्या भट्टीवर एक रीत होती. तापमान चढून स्थिर झालं, सोकिंग लागलं, की लोणारी कोळशाचे चार खडे आत टाकायचे आणि भोक बंद करायचं. कोळसा आतली हवा खाऊन टाकतो, जॉब स्वच्छ निघतो. मॅन्युअलमध्ये हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. विलासला ते त्याच्या आधीच्या ऑपरेटरनं शिकवलं होतं आणि विलासनं पुढच्या चौघांना. हजारो वेळा टाकले असतील त्यानं ते चार खडे. घराला कुलूप लावावं आणि जिन्यात आल्यावर लावलं की नाही ते आठवू नये, तसं.

आणि साक्षीच्या शेडमध्ये कोळशाचं पोतं होतंच. जुलैच्या ओलीत कच्ची भांडी वाळेनात म्हणून शेगडी पेटवत, तिच्यासाठी आणलेलं. ते नेमकं भट्टीच्या उजव्या हाताला टेकवून ठेवलेलं. कंपनीतही ते उजव्याच हाताला असायचं.

पण काल आपण कोळसा टाकला, हे विलासला आठवत नव्हतं. काटा बाराशे वीसवर आल्याचं आठवत होतं. मंजुळाबाईनं चहा आणून दिल्याचं आठवत होतं. मधलं कोरं.

तेवढ्यात साक्षीचा फोन वाजला. "स्वरूपा मॅडम," असं म्हणत ती शेडबाहेर गेली. "हो मॅडम, उघडलीय भट्टी... नाही, फोटो थोड्या वेळानं पाठवते."

विलासनं कोपऱ्यातला ब्रश घेतला. भट्टीत वाकला. राख तळहातावर ओढून घेतली आणि बाहेर जाऊन कर्दळीच्या बुंध्याशी टाकली. हात पँटला पुसले. हे मात्र त्याला पुढे नीट आठवत राहिलं, एकेक हालचाल.

*

मंजुळाबाई नऊला आली. काळेवाडीहून बसनं यायची. मूळची बीडकडची, वय पन्नाशीच्या आतबाहेर. ग्लेझ कालवायचं काम तिचं. ग्लेझ म्हणजे भांड्यावर काचेसारखा चढतो तो लेप. दगडाची, काचेची, धातूची पूड वजन करून पाण्यात कालवायची, तीन वेळा चाळायची. मंजुळाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण काट्यावरचे आकडे ओळखता यायचे आणि प्रत्येक ग्लेझचा हिशेब तिला ओवीसारखा पाठ होता.

"अगं बया!" ती दारातच थबकली. "हे कुणाचं वो? आपलंच?"

"आपलंच," साक्षी म्हणाली. तिच्या समोर टेबलावर दोन बरण्या होत्या. दोन्हींत काळी पूड. "मावशी, इकडे या. हिरव्यासाठी यातली कुठली घेतली होती?"

"निळ्या झाकणाची. तांब्याची."

"नक्की?"

"नक्की म्हंजे? दोन वर्षं झाली, तीच घ्यायलीये की."

"तांब्याची पूड काळी, लोखंडाची पण काळी. लोखंड पडलं तर असा तांबूस रंग येऊ शकतो. लेबल तर तुम्हाला..." साक्षी थांबली. मग म्हणाली, "झाकणं अदलाबदल झाली असतील का?"

मंजुळाबाईनं पदर खोचला. "ताई, दोन्ही काळ्या असल्या म्हणून काय झालं? माझ्या दोन म्हशी पण काळ्याच हुत्या. कधी एकीच्या जागी दुसरी न्हाई पिळली मी."

विलासला एरवी हसू आलं असतं.

"मावशी, मी भांडत नाहीये. मला फक्त कळायला हवंय. परवा तुम्ही बरण्या धुतल्या होत्या ना?"

"झाकणं धुतली हुती."

"दोन्ही एकदम?"

मंजुळाबाईनं बरण्यांकडे बघितलं. तिच्या कपाळाला एक बारीक आठी पडली. "एकदमच धुतली असतील."

"मग परत लावताना कुठलं कुठं लावलं, आठवतंय?"

"तसं ध्यानात कुठं ठिवतंय कुणी..."

"तेच म्हणते मी. आठवत नाही, म्हणजे चुकलं नाही असं होत नाही ना, मावशी."

साक्षी हे वाईट आवाजात म्हणाली नाही. उलट समजावणीच्या सुरात म्हणाली. पण विलासनं हे आधी ऐकलं होतं.

दोन वर्षांपूर्वी अगदी हेच वाक्य, ह्याच मऊ आवाजात, एका एसी केबिनमध्ये त्याला ऐकवलं गेलं होतं. एकशे चाळीस पिनांची बॅच गिऱ्हाइकाकडे तडकली होती. साहेबानं टेबलावर आलेख पसरला. लाल रेघ एका जागी घसरलेली. "ओव्हाळ, इथं भट्टीचं दार उघडलं गेलंय. वेळेआधी." "मी उघडलं नाही, सर." "आठवतंय तुम्हाला? शपथेवर?" आठवत नव्हतं. पहिली पाळी होती, दहा बॅचा झाल्या होत्या, त्यातल्या कुठल्या बॅचला दार कधी उघडलं हे कोण लक्षात ठेवतं? साहेब म्हणाला, "आठवत नाही म्हणजे उघडलं नाही असं होत नाही ना." तीन दिवस असंच चाललं. चौथ्या दिवशी विलासलाच दिसायला लागलं, आपण दार उघडतोय. स्वच्छ दिसायला लागलं. त्यानं कबुलीच्या कागदावर सही केली. नोकरी गेली. मग आठ महिने घरात बसून होता. साक्षीनं शेडची किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "पप्पा, माझ्याकडे भट्टी आहे आणि भट्टीवाला नाही." त्या दिवशी त्यानं कितीतरी दिवसांनी दाढी केली होती.

ती किल्ली आत्ता त्याच्या खिशात होती, रुमालाच्या शेजारी.

"पप्पा, तुम्हाला काय वाटतं?" साक्षीनं विचारलं.

दोघी त्याच्याकडे बघत होत्या.

"असू शकतं," विलास म्हणाला.

*

भिमाबाई, त्याची बायको, पोळ्या लाटताना बोलायची आणि बोलताना लाटायची. एक थांबलं की दुसरं थांबे.

"लाल झाल्या तर झाल्या. लाल वाटीत आमटी गोड लागत नाही का?"

"ऑर्डर हिरव्याची होती."

"मग ती मंजुळाबाई काय म्हणते?"

"काय म्हणणार."

"बाई चांगलीय हो. मागच्या वेळी मला पाट्यावरच्या खर्ड्याची कृती सांगितली होती तिनं. पण अडाणी माणसाचं असंच. काही बिघडलं की पहिलं बोट तिच्याकडे." लाटणं जोरात फिरलं. "तुमच्यासारखंच की. खालच्या माणसानं सही करायची आणि वरच्यानं चहा प्यायचा. मी आत्ता दुपारीच त्या नळावर सांगत होते, आमच्या ह्यांनी कुणाचं तरी अंगावर घेतलं. सत्तावीस वर्षांत ज्या माणसाची एक बॅच गेली नाही..."

"भिमा, नको सांगत जाऊ."

"का नको? खरं आहे ते."

विलासनं पुढची पोळी घेतली नाही. भिमाबाईनं ताटाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि पुन्हा लाटायला लागली.

*

दुसऱ्या दिवशी साक्षी लवकरच रावेतला गेली, स्वरूपा मॅडमची समजूत काढायला. जाताना म्हणाली, "पप्पा, त्या साठ वाट्या खोक्यात भरून ठेवा. नजरेसमोर नकोत मला."

विलासनं खोकं आणलं. पहिली वाटी कागदात गुंडाळली. दुसरी हातात घेतली आणि थांबला.

कंपनीत जॉब हातात घ्यायचा तो चूक शोधायला. दोन जॉब एकसारखे निघाले की काम झालं, पुढचे. ह्या वाटीत शोधायला चूक काय होती? काठाशी लाल पातळ होऊन जवळजवळ पांढरा झाला होता. खाली उतरता उतरता दाट होत होता, आणि बुडाशी, जिथं ग्लेझ थेंबासारखं थबकलं होतं, तिथं जांभळाच्या सालीसारखा गडद. एका अंगाला हिरव्याची एक पुसट झाक होती, आत शिरावं की नाही ते न ठरल्यासारखी.

त्यानं खोकं बाजूला सारलं. साक्षी भट्टी लावताना प्रत्येक फळीचा फोटो काढायची, तो फोटो विलासच्या मोबाइलवरही यायचा. त्यानं चष्मा लावला, फरशी झाडली, आणि फोटोत बघून एकेक वाटी जिच्या तिच्या जागी मांडायला लागला. वाट्या हाताच्या, त्यामुळे कुणाचा काठ कलता, कुणाचं पोट जरा सुटलेलं. ओळखू येत होत्या. वरची फळी भिंतीजवळ, मधली मधे, खालची दाराशी. तास लागला. मग तो स्टुलावर चढला आणि वरून बघितलं.

भट्टीतलं वारं फरशीवर पसरलं होतं.

भोकाजवळून निघालेला लाल मधल्या फळीवर रुंद झाला होता, डाव्या भिंतीला आपटून वर वळला होता, वरच्या फळीवर शेपटासारखा निमुळता होत गेला होता. उजव्या मागच्या कोपऱ्यात तो पोचलाच नव्हता. सत्तावीस वर्षं विलास भट्टीसमोर उभा राहिला, पण भट्टीच्या आत काय चालतं ते त्याला कागदावरच्या एका रेघेपलीकडे कोणी दाखवलं नव्हतं. कोळशाचा धूर आत गेल्यावर कुठे जातो, कुणाला आधी भेटतो, कुणाला टाळतो, हे आज पहिल्यांदा तो बघत होता. त्याला विचित्र आनंद झाला. स्टुलावर उभा राहून तो एकटाच "अरे वा" म्हणाला.

आणि लगेच त्यानं दाराकडे बघितलं. कारण जे त्याला दिसत होतं ते कुणालाही दिसलं असतं. बरणी चुकली असती तर साठच्या साठ सारख्या बिघडल्या असत्या. हा लाल भोकातून आला होता.

"रांगोळी घातली का काय, भाऊ?"

मंजुळाबाई दारात होती. विलास स्टुलावरून उतरला.

"अशाच मांडल्या. मोजायला."

"हं." ती उंबऱ्यावरच टेकली. आत आली नाही. "भाऊ, ताईला सांगा, म्या सोमवारपासून येत न्हाई."

"का?"

"डांगे चौकातल्या मेसमधी पोळ्याला बाई पायजे. तिथं बरण्या न्हाईत, गव्हाचं पीठ अन् मीठ. मीठ चुकलं तर लगीच कळतं."

"साक्षी काय रागावली नाही तुमच्यावर."

"रागावली असती तर बरं झालं असतं. म्या पण चार शब्द बोलले असते." मंजुळाबाई हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळत-सोडत राहिली. "रात्रभर तेच चाललंय बघा डोस्क्यात. आधी वाटत हुतं, चुकणार न्हाई आपण. मग वाटलं, झाकणं धुतली तवा पोरीचा फोन आला हुता, बोलता बोलता लावलं असंल उलटं. आता तर मला दिसायलंय, भाऊ. निळं झाकण लोखंडाच्या बरणीवर लावताना माझाच हात दिसायलाय मला."

विलास तिच्याकडे बघत राहिला.

"चुकलंच असंल माझं," मंजुळाबाई म्हणाली. "काय इतकं बघताय?"

"मंजुळाबाई, तुम्ही झाकण उलटं लावलं नाही."

"तुमाला काय म्हाईत?"

"मला माहितीय. तुम्ही बसा. साक्षी येऊ द्या."

*

साक्षी आली ती हेल्मेट न काढताच बोलायला लागली. "मॅडम म्हणाल्या फोटो सुंदर आहेत, पण ह्या वाट्या माझ्या नाहीत. दहा दिवसांत साठ हिरव्या. नाहीतर त्या दुसरीकडून... पप्पा, हे फरशीवर काय?"

"साक्षी, कोळसा मी टाकला."

"काय?"

"सोकिंगला. ह्या भोकातून. कंपनीत टाकायचो तसा. हवा मिळाली नाही की तांबं हिरवं न होता लाल होतं. रुमालाला काळं आहे, बघ. आणि खाली राख होती, ती तू फोनवर होतीस तेव्हा मी झाडली."

साक्षीनं हेल्मेट काढलं. विलासकडे बघितलं, उंबऱ्यावरच्या मंजुळाबाईकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते विलासनं अपेक्षिलं नव्हतं. तिला त्याची दया आली होती.

"पप्पा," ती हळू म्हणाली, "तुम्ही नका ना असं करू."

"कसं?"

"दुसऱ्याचं अंगावर घेणं. कंपनीत घेतलंत, काय झालं? आईनं दोन वर्षं... मावशींना मी काढत नाहीये. चूक होते माणसाकडून. पण म्हणून तुम्ही उठून खोटं बोलायचं?"

"मी खोटं बोलत नाहीये."

"मग सांगा, किती वाजता टाकला? किती टाकला? चिमट्यानं टाकला की हातानं?"

विलासनं आपल्या बोटांकडे बघितलं.

"आठवत नाही," तो म्हणाला.

"बघा."

"अहो ताई," मंजुळाबाई उंबऱ्यावरून म्हणाली, "माणूस म्हणतोय म्या केलं, तर ऐका की. माझं मातर लगीच खरं वाटलं तुमाला."

विलासनं साक्षीचा हात धरला, तिला स्टुलाजवळ नेलं. "वर चढ."

"पप्पा..."

"चढ तर."

ती चढली. त्यानं खालून बोटानं दाखवलं. हे भोक. हा लाल इथून निघाला. इथं आपटला. इथं वळला. हा कोपरा कोरा. साक्षीची नजर भोकापासून कोपऱ्यापर्यंत दोनदा फिरली.

"हे ग्लेझ जाड-पातळ लागल्यामुळे पण होऊ शकतं," ती शेवटी म्हणाली, पण आवाज आता तितका ठाम नव्हता.

"मग परत लावू. मंजुळाबाईंच्या त्याच बादलीतलं ग्लेझ उरलंय. सहा वाट्या. तुझ्या समोर कोळसा टाकतो."

"आणि कॉइल? धुरानं कॉइल खलास होतात, हे तुम्हीच शिकवलंत मला."

"हो. होतील थोड्या खराब."

विलासला स्वतःचंच नवल वाटत होतं. लाल येऊ दे, असं त्याला मनापासून वाटत होतं, मंजुळाबाईसाठी. आणि लाल आला तर पुढे काय कबूल करावं लागेल, ह्याची भीतीही वाटत होती. ज्याचे हात त्याला न विचारता एवढं सगळं करतात, चिमटा घेतात, बूच काढतात, खडे टाकतात, बोटं पुसतात, त्या माणसानं एकशे चाळीस पिनांच्या दिवशी दार उघडलं नसेल कशावरून?

*

सहा वाट्या पहाटे पाचला लावल्या. दुपारी एकच्या सुमाराला काटा स्थिर झाला. विलासनं चार खडे टाकले, मोठ्यानं मोजून. साक्षी भिंतीला टेकून उभी होती. मंजुळाबाई स्टुलावर, हाताची घडी घालून, सिनेमा बघायला बसल्यासारखी.

सकाळी दार साक्षीनंच उघडलं.

डाळिंब नव्हतं. तो लाल आलाच नव्हता. दोन वाट्या मळक्या राखाडी, एक विटकरी, एकीला फोड आलेले, एक साधी हिरवी. विलासनं श्वास सोडला. तो सुटकेचा होता की धास्तीचा, त्याला कळलं नाही.

"ही बघा," मंजुळाबाई म्हणाली.

सहावी वाटी भोकाच्या समोर होती. तिची भोकाकडची बाजू लाल होती, दाट, ओल्यासारखी चमकणारी. मागची बाजू केळीच्या पानासारखी हिरवी. मधे दोन्ही रंग एकमेकांत शिरले होते आणि तिथं ना लाल ना हिरवा, एक धुरकट सोनेरी पट्टा उमटला होता. असा रंग तिघांपैकी कुणीच कधी पाहिला नव्हता.

साक्षीनं ती दोन्ही हातांनी उचलली. फिरवली. पुन्हा फिरवली.

"बादली तीच?"

"तीच."

ती पालथ्या घमेल्यावर बसली. वाटी मांडीत. "मावशी..."

"आता लगीच मावशी म्हणू नका," मंजुळाबाई म्हणाली. "थांबा जरा. मला राग आलाय. तो येऊन जाऊ द्या."

साक्षी थांबली. मग तिनं विलासकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत आता दया नव्हती आणि ते जास्त बरं होतं, जास्त कठीणही होतं.

"तुम्ही राख झाडलीत, पप्पा. माझ्या पाठीमागे."

"हो."

"आणि मी मावशींना बोलत होते तेव्हा 'असू शकतं' म्हणालात."

"म्हणालो."

"किल्ली द्या."

विलासनं किल्ली काढून दिली. साक्षीनं ती थोडा वेळ मुठीत धरली आणि मंजुळाबाईपुढे केली. "भट्टी लागली की तुम्ही इथं बसायचं. पप्पांच्या हातांकडे बघत. हात पोत्याकडे गेला की ओरडायचं. याल?"

मंजुळाबाईनं किल्ली घेतली नाही, नाहीही म्हणाली नाही. "बरण्यांवर चित्रं काढा आधी. तांब्याच्या बरणीवर तांब्या, लोखंडाच्या बरणीवर तवा. पुन्यांदा कुणी लेबलाचं नाव काढलं तर मी मेसला गेले म्हणून समजा."

"काढते. आजच."

"आणि पोतं हलवा तिथून. बघत बसण्यापरीस ते सोपंय."

साक्षी हसली, मग रडली, मग नाक पुसून त्या वाटीकडे बघायला लागली. "पप्पा, हा पट्टा परत येईल? मुद्दाम करायचा म्हटलं तर?"

"सांगता येत नाही."

"अंदाज?"

"नाही सांगता येणार, साक्षी. खडे तेच, वेळ तीच, आणि बघ काय काय आलं. मला भट्टीतलं काही कळतं असं वाटायचं." तो वाकला, मळकी राखाडी वाटी उचलून उजेडाकडे धरली. तीही वाईट नव्हती. पावसाळी सकाळच्या रस्त्यासारखी होती. "ही पण ठेव. फोडू नकोस."

*

त्या संध्याकाळी भिमाबाई भाजी निवडत होती. विलास तिच्यासमोर पाटावर बसला. टीव्ही चालू होता, तो त्यानं बंद केला.

"काय झालं?" तिनं लगेच विचारलं.

त्यानं सांगितलं. वाट्यांचं, कोळशाचं, राखेचं, मंजुळाबाईचं. मेथीची पानं तोडणारी तिची बोटं मधेच थांबली, पुन्हा चालू झाली.

"बरं, मग मिटलं ना ते?"

"ते मिटलं. भिमा, कंपनीतलं दार पण मी उघडलं असेल."

"काहीतरीच!"

"असेल म्हणतोय. मला माहीत नाही. सही केली तेव्हा वाटलं, केलं असेल. नंतर तू सगळ्यांना सांगायला लागलीस, तेव्हा वाटलं, नाहीच केलं. मला खरंच माहीत नाही. पण माझा हात मला न विचारता करतो, हे आज डोळ्यांनी बघितलं मी."

"म्हणजे मी दोन वर्षं सगळ्या गल्लीला खोटं सांगत फिरले?"

"खोटं कसं? तुला कुठं माहीत होतं. मलाच नव्हतं."

"आणि ते मला आत्ता सांगताय? नळावर मी त्या बाईशी हातघाईवर आले होते तुमच्यासाठी!" तिचा आवाज चढला. तिनं सूप बाजूला ढकललं, चार पानं जमिनीवर सांडली. ती उठली, ओट्यापर्यंत गेली, उगीचच गॅसचा नॉब बंद आहे का बघितला. पाठमोरीच उभी राहिली. विलासला वाटलं, आता ही दोन दिवस बोलणार नाही.

ती परत आली. पाटासमोर मांडी घालून बसली.

"सांगा," ती म्हणाली. "त्या दिवशी पहिल्या पाळीला घरातून निघालात, तिथून सांगा. मला काही दार-बिर कळत नाही. तरी सगळं सांगा. आणि मला बरं वाटावं म्हणून काही घालू नका त्यात."

विलासनं सुरुवात केली. बस कुठे मिळाली, गेटवर कोण होतं, पहिली बॅच किती वाजता लागली. जिथं आठवत नव्हतं, तिथं "इथलं आठवत नाही" म्हणाला, आणि पुढचं सांगायला लागला.